एक्केचाळीस नंबरचं पान

ब्राह्मणपुरी
६ जानेवारी २०२५

भूमिका,

तुझ्या संस्थेचं पत्र मिळालं. वर ‘श्रीमती सिंधुबाई चुनीलाल पाटील यांस’ असं आहे आणि खाली तुझी सही आहे. मजकूर इंग्रजी. धर्मेंद्र वाचून दाखवणार होता, पण तो कारखान्यातून येईपर्यंत मी डिक्शनरी घेऊन वाचला होता. त्याने सांगितलेला अर्थ माझ्यापेक्षा वेगळा निघाला नाही. कै. चुनीलाल पाटील यांच्या संग्रहातले ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा, धावडा यांच्या कुलातले नमुने अभ्यासासाठी मिळावेत, पानांचे छोटे तुकडे काढून डीएनए तपासला जाईल, काम झाल्यावर पानं शिवलेले कागद परत केले जातील.

परत नाही केलेस तरी चालेल. तुझ्या वडिलांचे आहेत.

फेब्रुवारीत त्यांना जाऊन तीन वर्षं होतील. एवढ्या दिवसांत तू माझा फोन घेतला नाहीस, म्हणून मी करत नाही. पत्र आलं तर उत्तर द्यावं लागतं, म्हणून हे लिहिते. माझी बोली आपली गावचीच, पण लिहायला बसलं की वर्तमानपत्रासारखं येतं. चौथीनंतर मी जे शिकले ते वर्तमानपत्रातूनच शिकले, हे तुला ठाऊक आहे. तुझे पप्पा पानं दाबायला रद्दी आणायचे. कागद ओले होत, ते रोज बदलावे लागत. ओले कागद मी दोरीवर टाकायची आणि वाळेपर्यंत वाचायची. त्यामुळे जगातल्या बातम्या मला नेहमी वर्षभर उशिरा कळल्या. काही बिघडलं नाही.

या कुलाचे एकूण त्रेसष्ट कागद निघाले. पुठ्ठ्यात घालून, माझ्या जुन्या सुती पातळात गुंडाळून धर्मेंद्रजवळ दिले. तो म्हणाला, “आई, आते ती झाडेसनं रगत तपासनार शे का?” तुझी मोठी माय, माझी जाऊ दगूबाई, ओट्यावर शेंगा निवडत होती. तिला सगळं ऐकायचंच असतं. ती म्हणाली, “तीन वरीसमा मायले एक फोन नही, आनि बापना पालाले चिठ्ठी धाडस!” तिचं चुकीचं नव्हतं.

४१ नंबरचा कागद वेगळा बांधला आहे. तो कोणता हे तुला सांगायला नको, पण तुझ्या संस्थेत दुसरं कोणी उघडणार असेल तर त्यांच्यासाठी लिहिते. धडगावच्या पुढे डोंगराचा उतार जिथे नाल्याला मिळतो, तिथलं झाड. उतारावर ऐन आहेत, ज्याला आपण सादडा म्हणतो. खाली नाल्याला अर्जुन आहेत. हे झाड मधे आहे. बुंधा खाली ऐनासारखा काळा, मगरीच्या पाठीसारखा तडकलेला, आणि दोन पुरुष उंचीवर साल अर्जुनासारखी पांढरी, गुळगुळीत. तुझे पप्पा चौदा वर्षं फळ बघायला तिथे गेले. फळ कधी मिळालं नाही. पुण्याच्या एका जाणकारांना त्यांनी पानं दाखवली तेव्हा ‘फळ आणा, मग बोलू’ असं उत्तर आलं. त्यांच्या वहीत या झाडापुढे एवढंच आहे: ‘दोन्हीपैकी नाही. वेगळं आहे.’ शाळेतून रिटायर झाल्यावरही तेवढी एक गोष्ट त्यांना ठरवायची होती. आता तू ठरवशील.

४१ बद्दल आणखी एक लिहायचं होतं. पुन्हा कधीतरी.

सिंधुबाई चुनीलाल पाटील


ब्राह्मणपुरी
९ मार्च २०२५

भूमिका,

तुझा मेल धर्मेंद्रने पुरुषोत्तमनगरला ऑफिसात छापून आणला. चार पानं आणि एक आकृती. पानं तीनदा वाचली. आकृती अजून भिंतीला लावलेली आहे.

आधी धावड्याचं. तू लिहितेस की धावडा आता वेगळा राहिला नाही. इतकी वर्षं त्याचं नाव वेगळं, घर वेगळं होतं. पण डीएनए लावून बघितलं की तो ऐन, अर्जुन, बेहड्याच्या फांद्यांमधेच उगवतो, बाजूला नाही. म्हणून त्याचं जुनं नाव गेलं आणि त्याला ऐनाच्या वंशात धरतात. हे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच दुसऱ्या लोकांनी दाखवलं होतं. तू आपल्या सातपुड्यातल्या पानांवर पुन्हा बघितलंस आणि तेच आलं. बरोबर समजलं का?

तुझ्या पप्पांनी हे ऐकून घेतलं नसतं. धावड्याचं फळ बघा, ते वर्गात सांगायचे, बोराएवढ्या गोळ्यात दाटीवाटीने बसलेलं. आणि ऐनाचं बघा, पाच पंखांचं, तळहातावर मावणार नाही असं वाटतं. एका आईची लेकरं असं दिसतात का? मी अंगणात दोन्ही फळं शेजारी ठेवून बघितली. मलाही काही दिसलं नाही. पण दिसत नाही म्हणून खोटं आहे असं म्हणायला माझ्याकडे काही कारण नाही.

तुझी आकृती बघून मला आपल्याकडे येणारा भाट आठवला. लाल फडक्यात बांधलेली वही घेऊन यायचा आणि घराण्याची सात पिढ्यांची नावं वाचायचा. बाप, बापाचा बाप, त्याचा बाप. अशाच रेघा फुटत जायच्या. लहानपणी तू त्याला विचारलं होतंस, “काका, यामा मन्ही आईनं नाव कोठे शे?” तो म्हणाला होता, बायांची नावं वहीत नसतात, बेटा. तू रडली नाहीस. तू म्हणालीस, “मंग हाई वही आर्धीच शे.” पप्पा आठवडाभर ते सगळ्यांना सांगत फिरले होते.

आता ४१.

तू लिहितेस की तो साधा अर्जुन निघाला. काहीही शंका राहिली नाही. मे अखेरीस तुझा शोधनिबंध जाणार आणि त्यात एक ओळ येणार, की स्थानिक संग्राहकाने वेगळी जाती मानलेला नमुना अर्जुन ठरला. शेवटी मराठीत लिहिलंस, ‘पप्पा चुकले होते. मला ते लिहावं लागेल.’

दोऱ्याबद्दल विचारलंस. बाकी बासष्ट कागदांवरचा दोरा पिवळा पडलेला आणि ४१ वरचा पांढरा का. सगळे कागद मीच शिवले आहेत. दोरा संपतो, मग दुसरं रीळ आणावं लागतं.

त्यांची चूक असेल तर तसं लिही. त्यांना खोटं चालत नव्हतं.

इकडे गहू निघाला. ऊन वाढलं आहे. आज एवढंच.

सिंधुबाई


ब्राह्मणपुरी
१६ मार्च २०२५

भूमिका,

मागच्या पत्रात दोऱ्याबद्दल लिहिलं ते खरं नाही.

४१ वरचं पान तुझ्या पप्पांनी तोडलेलं नाही. ते मी लावलं. झालं असं.

त्यांच्या दहाव्याच्या दिवशी घर धुवायला काढलं. तू तोवर निघून गेली होतीस. अंथरुणं, कपडे, खाट, सगळं बाहेर. दगूबाई म्हणाली, कागदांना कसर लागेल, तेही उन्हात टाकू. मी हो म्हटलं. मला त्या दिवशी कोणी काहीही विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. ४१ गठ्ठ्यात सगळ्यात वर होता, कारण दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ते तोच बघत बसले होते. बायका आत चूल पेटवत होत्या. दगूबाईची शेळी सुटली.

मी बाहेर आले तेव्हा ती दुसऱ्या कागदाकडे वळली होती. ४१ वर दोरे होते, एका देठाचं टोक होतं, आणि कोपऱ्यात त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. दगूबाईने शेळीला दोन रट्टे दिले. मग मला समजवायला लागली, “जाऊ दे ना वं सिंधू. पालाच व्हता ना? झाड तर उभं शे!”

तिला सोपं वाटलं. मी तो कागद चार दिवस ट्रंकेवर ठेवला. नाव आहे, तारीख आहे, गाव आहे, उंची आहे, आणि मधे काही नाही. येता-जाता दिसायचा. पाचव्या दिवशी मी मळ्यात गेले, विहिरीजवळच्या अर्जुनाची एक डहाळी तोडली, रद्दीत दाबली, बारा दिवस कागद बदलले, आणि जुने दोरे काढून नव्याने शिवली. नवं रीळ त्याच दिवशी आणलं होतं. तू दोऱ्यावरून ओळखशील असं वाटलं नव्हतं.

मला कोणाला फसवायचं नव्हतं. तो कागद कोणी बघेल असंही वाटलं नव्हतं. रिकामा बघवत नव्हता, एवढंच.

पण जानेवारीत तुझं पत्र आलं तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. वाटलं, ते झाड आणि अर्जुन सारखेच दिसतात, कोण ओळखतंय. मग तू नखाएवढ्या तुकड्यावरून ओळखलंस आणि पप्पा चुकले असं लिहिलंस. त्यानंतरही मी एक पत्र दोऱ्याच्या रिळावर लिहिलं. सात दिवस झाले त्याला. या सात दिवसांत नीट जेवण गेलं नाही.

धर्मेंद्रला सांगितलं तर तो म्हणाला, “आई, गप ऱ्हाय. आधीच ती बोलत नही. आते आजून चिडी जाई.” चिडशील. पण ती ओळ काढ. पप्पा बरोबर होते असं मी म्हणत नाही, ते मला माहीत नाही. ज्या पानावरून ते चुकीचे ठरले ते त्यांनी तोडलेलं नाही, एवढं मला माहीत आहे.

सिंधुबाई


ब्राह्मणपुरी
४ मे २०२५

भूमिका,

तुझ्या दोन ओळी आणि पार्सल मिळालं. ‘नमुना ४१ यादीतून काढला आहे. झाड अजून असल्यास ताजी पानं सोबतच्या पाकिटात पाठवावीत.’ पाकिटात निळे खडे होते, ओल शोषणारे. कसं करायचं ते तू कागदावर लिहिलं होतंस. मी तसंच केलं.

गुरुवारी पहाटे शहाद्याला गेले, तिथून धडगावची जीप. महाराष्ट्र दिन असूनही धर्मेंद्रला रजा नव्हती. दगूबाई येते म्हणाली होती, पण घाटात तिला उलट्या होतात. एकटीच गेले. जीपमध्ये अकरा माणसं आणि दोन कोंबड्या. तुझे पप्पा म्हणायचे, धडगावला पोचेपर्यंत माणूस शेजारच्याचं सगळं घराणं शिकतो. खरं आहे.

तीस वर्षं मी त्या डोंगरातली पानं शिवली आणि डोंगर बघितला नव्हता.

नवलसिंगला स्टँडवर यायचा निरोप दिला होता. पप्पांबरोबर तोच हिंडायचा, नाल्याच्या वरच्या पाड्यावर राहतो. मला बघून म्हणाला, “सरांची बाई? सर बोलत होते, माझी बाई पानं शिवते. मी बोललो, आमच्याकडे पानांच्या पत्रावळी शिवतात, तुमच्याकडे कशाला शिवतात? सर खूप हसले.”

दोन तास चढ-उतार. तो दर दहा पावलांनी थांबायचा आणि मला अवघड वाटू नये म्हणून स्वतःच दमल्यासारखं करायचा.

झाड आहे. एका बाजूच्या फांद्या कोणीतरी तोडून नेल्या आहेत, पण आहे. पप्पा सांगायचे तसंच. खाली काळं, वर पांढरं. मी दोन्हीला हात लावून बघितला. पांढऱ्या सालीपर्यंत माझा हात पोचला नाही, म्हणून नवलसिंगने एक कपची काढून दिली. नवी पालवी नुकतीच फुटली होती. तो वर चढला, कोवळी पानं टाकत गेला, मी ओच्यात धरली. फळ बघ म्हटलं. त्याने वरून ओरडून सांगितलं, “नाही बाई. कधीच नसतं. हे झाड सरांसारखं आहे, नुसतं सावली देतं.” मग त्याला वाटलं आपण काही चुकीचं बोललो, आणि तो बराच वेळ खाली उतरला नाही.

उतरल्यावर विचारलं, “पोरगी नाही आली? सर शेवटी आले ना, तेव्हा बोलले, पुढच्या वेळी पोरीला आणतो. ती दोर लावून झाडावर चढते, तुला चढावं लागणार नाही. मी बोललो, आणा, बघू कोण आधी चढतं.”

मी म्हटलं, ती कामात आहे.

परत येताना जीपमध्ये मला कळलं की हेच उत्तर मी याआधीही दिलं होतं, आणि कोणाला दिलं होतं. म्हणून आता ते लिहिते. पानं पाठवायला एवढं लांब पत्र लागत नाही.

पप्पा नऊ दिवस दवाखान्यात होते. ते गेल्यावर तू आलीस आणि सगळ्यांसमोर विचारलंस, मला का नाही सांगितलं. मी म्हणाले, त्यांनीच सांगू नको म्हटलं, तुझ्या कामाचा खोळंबा होईल म्हणाले. तू ते खरं धरलंस. तिसऱ्या दिवशी निघून गेलीस.

त्यांनी तसं म्हटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी, सलाइन लावल्यावर, ते म्हणाले, “भूमिकाले बलाव.” मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तू बलावं का तिले? मी म्हटलं, ती कामात आहे, येईल. तू तेव्हा केरळच्या जंगलात होतीस. फुलं वर्षातून एकदाच येतात, ती चुकली तर वर्ष जातं, असं तूच मला सांगितलं होतंस. डॉक्टर म्हणत होते दोन-तीन दिवसांत घरी सोडू. हे एक कारण. हे कोणालाही पटेल आणि मीही स्वतःला हेच सांगत आले.

दुसरं कारण असं. तू आलीस की तुम्ही दोघं झाडांचं बोलत बसायचात. मी चहा आणून द्यायची आणि कप घेऊन जायची. तक्रार म्हणून लिहीत नाही, तसंच होतं. दवाखान्यात ते पहिल्यांदाच माझ्याशी दिवसभर बोलत होते. लग्नाचं, मळ्याचं, पहिल्या वर्षी मी एक पान उलटं शिवलं होतं त्याचं. मला ते दिवस कोणाला द्यायचे नव्हते. ते जातील हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर बोलावलं असतं असं मी स्वतःला सांगते. खात्रीने सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी तू स्वतः फोन केलास. आठवत असेल. ‘मी झाडावर आहे, आवाज येतोय का? पप्पांना दे.’ मी म्हटलं, ते शेतात गेलेत.

हे वाचून तू पुन्हा लिहिणार नाहीस असं होऊ शकतं. ते गृहीत धरून लिहिलं आहे. पण त्यांनी तुला बोलावलं होतं. हे तुझ्याकडे असायला हवं होतं, तीन वर्षं माझ्याकडे राहिलं.

पाकिटाला चिठ्ठी लावली आहे, त्यांच्या पद्धतीने:

नंबर: ४१ (पुन्हा)
झाड: माहीत नाही
जागा: धडगावच्या पुढे, उतार नाल्याला मिळतो तिथे
तारीख: १ मे २०२५
तोडणारा: नवलसिंग
शेरा: आधीच्या ४१ वर विश्वास ठेवू नये. ते पान सिंधुबाईने लावलं होतं.

आई


ब्राह्मणपुरी
२० जुलै २०२५

भूमिका,

तुझं पाकीट पोस्टमनने हातात दिलं. या वेळी छापलेलं नव्हतं. तुझं अक्षर अजून पप्पांसारखंच आहे, ‘र’ खाली ओढलेला.

अकरा आठवडे काही आलं नाही. मी दर दोन दिवसांनी धर्मेंद्रला विचारायचे, मग विचारणं बंद केलं. निबंध तू थांबवून ठेवला होतास हे आत्ता कळलं.

आधी निकालाचं. मला समजलं ते असं. पानाच्या हिरव्या कणांमधे एक वेगळा डीएनए असतो आणि या झाडांत तो फक्त आईकडून येतो. तो सरळ ऐनाचा निघाला. पण पेशीच्या मधल्या भागातला जो दोघांकडून येतो, तो अर्धा ऐनाचा आणि अर्धा अर्जुनाचा. म्हणजे उतारावरच्या एखाद्या ऐनाच्या फुलावर खालच्या अर्जुनाचा पराग पडला, आणि त्या बीचं हे झाड. वेगळी जाती नाही. नवीन नाव मिळणार नाही. फळ धरत नाही त्याचं कारण बहुतेक हेच, पण ‘बहुतेक’ या शब्दाखाली तू रेघ मारली आहेस, तेव्हा मीही बहुतेकच म्हणेन.

धर्मेंद्रने विचारलं, “म्हंजे पप्पा बरोबर व्हतात का चुकेल?” मी वही उघडून दाखवली. ‘दोन्हीपैकी नाही. वेगळं आहे.’ दोन्हीपैकी एकही नाही, हे खरं निघालं. वेगळं आहे, हे त्यांना हवं होतं तसं निघालं नाही. निबंधात तू लिहिलेलं वाक्य मला आवडलं: ‘चुनीलाल पाटील यांनी हे झाड २००८ मध्ये प्रथम वेगळं ओळखलं.’ यात एक शब्दही जास्त नाही.

दगूबाईला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “मंग मन्ही शेळीनं काय बिघाडं?” तिच्या शेळीला आता दोन करडं आहेत.

भाट या वर्षी दिवाळीनंतर येणार आहे. त्याला सांगणार आहे की झाडांच्या पानात अशी एक वही असते जिच्यात फक्त आईचंच नाव लिहितात. तो मानणार नाही. तुझं पत्र दाखवीन.

आता तुझ्या पत्राच्या मागच्या बाजूचं. तिथे एकच प्रश्न आहे. ‘चौथ्या दिवशी मी फोन केला तेव्हा ते जागे होते का?’

हो. जागे होते. पाठीला दोन उशा लावून बसले होते, मोसंबी सोलत होते. फोन माझ्या कानाला होता पण तू झाडावरून मोठ्याने बोलत होतीस, त्यांना ऐकू गेलं. त्यांनी मोसंबी खाली ठेवली आणि हात पुढे केला. मी शेतात गेलेत म्हटलं ते त्यांच्याकडे बघतच म्हटलं. मग फोन बंद केला. त्यांनी हात तसाच ठेवला होता, मग पुन्हा मोसंबी घेतली. मला त्याबद्दल काही बोलले नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

थोड्या वेळाने म्हणाले, “कोठे शे ती?”

मी म्हटलं, “झाडवर चढेल शे. दोर बांधीसन.”

ते हसले. म्हणाले, “कोनता झाडवर?”

मी विचारलं नव्हतं. तू सांगितलंही असशील, मी ऐकलं नाही. पुढच्या पाच दिवसांत त्यांनी हे आणखी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा म्हटलं, फोन आला की विचारते.

त्यांची वही माझ्यासमोर उघडी आहे. शेवटच्या पानावर जागा आहे. कोणतं झाड होतं ते कळव.

आई